पाव फेरा

सोमवारी संग्रहालय बंद असतं.
महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही चौघं
सात नंबरची बस ढकलतो.

फार नाही. चाकाचा पाव फेरा.
टायरवरची खडूची खूण घड्याळातल्या सहावर असेल
तर नऊवर आली की मी ओरडते, "बास!"
आणि आन्सिस धापा टाकत
लाकडी ठोकळा अडकवतो चाकाखाली.

गाडी उभ्या उभ्याही झिजते.
रबर एका जागी चपटं होतं,
बेअरिंगमधलं ग्रीस एका अंगाला उतरतं,
आणि वर्षभरानं हलवायला जावं
तर ती लंगडते, दर फेऱ्याला एक आचका.
हे मला इल्मार्सनं शिकवलं.
तो म्हणायचा, माणसाचंही असंच असतं;
पण असं काही बोलून गेला की लगेच
पाना मागायचा, तेरा नंबरचा,
बोललेलं पुसून टाकायला.

रीगात, नदीपलीकडच्या जुन्या डेपोत आमचं हे दुकान.
आमच्याकडे एक अग्निशामक गाडी आहे, तिची शिडी वाळवीनं खाल्लेली.
दोन ट्रॉलीबस आहेत, छताला भिडलेल्या काठ्या,
तारांविना.
कुणा बड्या साहेबाची काळी मोटार आहे,
लोक फोटो तिच्याबरोबरच काढतात.
सात नंबरजवळ कोण थांबतं?
एक गृहस्थ मात्र मागच्या शरदात येऊन सांगून गेले
की पाटीवर चूक आहे,
सीटं हिरवी नव्हती, तपकिरी होती,
आणि तिसऱ्या रांगेतल्या खिडकीला चीर होती, ती कुठे गेली?
मी लिहून घेतलं. चीर आम्ही भरून काढली होती.

कधी पत्रं येतात.
ब्यूनस आयर्सच्या ट्राम-संग्रहालयातला ऑरेलियो विचारतो,
घंटीची चामडी दोरी आहे का जादा? आमची उंदरांनी नेली.
ॲडलेडहून कुणी बाई दाराच्या बिजागरीचं चित्र पाठवते, मापासकट.
आम्ही दोरी पाठवली. त्यांनी बदल्यात
काही नाही, एक संत्र्याचा मुरांबा पाठवला.
मुरांबा कस्टममध्ये फुटला.

जागा पुरत नाही म्हणून
सहा महिने पुढे ढकलायची, सहा महिने मागे.
मार्चमध्ये भिंतीपाशी, सप्टेंबरात पुन्हा जाग्यावर.
म्हणजे वर्षाकाठी तसूभरही नाही.
असं मी म्हटलं एकदा.
इल्मार्सनं मफलर सोडला, परत गुंडाळला.
"मीटरला पुढचं-मागचं कळत नाही, वेल्टा," म्हणाला,
"मीटर फक्त मोजतो."

जानेवारीत तो गेला.
त्याच्या कपाटात हातमोजे, राईच्या पावाचा दगड झालेला तुकडा,
आणि एक वही.
प्रत्येक पानावर तारीख, पुढे तोच आकडा:
पाऊण मीटर. पाऊण मीटर.
बर्फ फार, आन्सिस उशिरा. पाऊण मीटर.
एकतीस वर्षांची बेरीज शेवटी, पेन्सिलीनं:
दोनशे एकोणऐंशी.
आणि खाली, दुसऱ्या शाईत:
डेपो ते मासळीबाजार थांबा, चारशे तीस.

मासळीबाजार आता नाही. तिथे पार्किंग आहे.
तिथे त्याचं कोण उतरायचं की चढायचं
ते वहीत नाही. मी शोधलं.

माझ्या नोकरीची अकरा वर्षं उरलीत.
नव्व्याण्णव मीटर.
मग राहतील बावन्न, तेवढे आन्सिसनं बघावेत;
त्याला अजून सांगितलेलं नाही,
तो आधीच कंबर धरून बसतो.

आज पहिला सोमवार. उणे नऊ.
थर्मासमधला चहा संपल्यावर हातमोजे चढवले,
चौथा माणूस नवा होता, त्याला वाटलं
आपण गाडी कुठेतरी नेतोय.
ढकला, म्हटलं. बास, म्हटलं.
ठोकळा बसला.

वही उघडली आणि दाराच्या काचेतून
आजची सात नंबर दिसली,
दिवे लावलेली, अर्धी रिकामी,
मासळीबाजाराकडे
एका मिनिटात.