पाची रेघा

एलोइने कार्ड कागदी पिशवीत घालून दिलं
आणि वर एक सल्ला, फुकटचा:
आधी लोखंडाला हात लावा, दोना दोरिंदा,
अंगातली वीज उतरू द्या.
लोकरीच्या स्वेटरात चाळीस हिवाळे काढलेल्या बाईच्या अंगात
किती वीज असते, त्या पोराला काय ठाऊक.
मी चुलीच्या दाराला बोट लावलं. चट् झालं.
उतरली असेल.

मग जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर आडवा केला,
मोठा मासा कापायला घ्यावा तसा.
बाजूचा पत्रा काढला. आत धूळ,
आणि धुळीत मांजरीचे केस.
मांजर जाऊन तीन वर्षं झाली.
ते केस मी पुसले नाहीत. पंख्याला त्रास नव्हता त्यांचा.

मागे खोचलेला तो नखाएवढा अ‍ॅडाप्टर उपटून टाकला.
बिचाऱ्याची काय चूक?
राउटर नणंदेकडे, मध्ये दोन वीत ग्रॅनाइटची भिंत,
आमच्या मालपिकात वारासुद्धा वळसा घालून येतो.

कार्ड खाचेत बसेना.
दाबलं तर मोडेल, सोडलं तर हलेल:
अशा जागी हाताला विचारायचं असतं, डोळ्यांना नाही.
बसलं. स्क्रू मात्र निसटून आत पडला, कुठेतरी खोल.
जाळं विणायच्या सुईच्या टोकाला डिंक लावून
तो वर काढला.
मागच्या बाजूला दोन अँटेना पिळून बसवल्या,
गोगलगायीची शिंगं जशी.

सुरू केलं, तर म्हणतो: ओळखत नाही.
ओळख पटायला ड्रायव्हर हवा,
आणि ड्रायव्हर इंटरनेटवर.
म्हणजे विहिरीत उतरायला दोर पाहिजे
आणि दोर विहिरीच्या तळाशी!
नणंदेचा फोन मागून आणला, वायरने जोडला,
ती दारात उभी राहून पाहत होती
मी काय मोडते ते.

एलोइ म्हणाला होता, तुम्हाला सोपं जाईल,
तुमचंही काम जाळ्याचंच.
हसले मी. माझ्या जाळ्यात जे अडकतं
ते मरतं, बाबा.
याच्यातून तर सगळं आरपार जायला हवं.

पाच रेघा आल्या. पाची भरलेल्या.
रात्री अकराला ब्राइसचं जहाज
ग्रान सोलच्या पाण्यावरून तासभर आकाशाशी जोडलं जातं.
इतके दिवस तो मला चौकोनाचौकोनांत दिसायचा,
फरशी फुटावी तसा. आवाज पुढे, ओठ मागे.
मी आवाजावरूनच ताडायची: जेवलाय, झोपला नाहीये.
मला वाटायचं, दोष सगळा माझ्याच भिंतीचा.

आज तो अख्खा दिसला.
दाढीतलं मीठ दिसलं. मागे कुणाचे तरी मोजे वाळत होते, तेही.
बोलता बोलता त्याने कान खाजवला
आणि मला डावा हात दिसला.
करंगळी नाही. तिच्या शेजारचं अर्धंच.
कधी?
ऑक्टोबरात, आई. विंचमध्ये. भरलंय आता.
जानेवारी चालू आहे.

मग तो माझ्या खांद्यावरून मागे बघू लागला.
बाबांचा रेनकोट कुठाय?
खुंटी रिकामी.
तो मी सप्टेंबरातच दिला होता, नणंदेच्या जावयाला.
त्याला कोट नव्हता, आणि इथे
तो नुसताच लटकत होता, माणसासारखा.

दोघेही गप्प.
एरवी अशा वेळी म्हणता यायचं:
ऐकू येत नाही रे, अडकलंय बघ, ठेवते.
आज काही अडकलं नव्हतं.
त्याच्या पापण्या लवताना दिसत होत्या.
त्यालाही माझ्या दिसत असणार.

तास संपला तेव्हा त्याने हात हलवला,
मुद्दाम डावा.

टेबलावर एक स्क्रू उरलाय.
कुठला ते काही केल्या आठवत नाही.
कॉम्प्युटर चालू आहे.