निरुपयोगी मुद्देमाल

छत्री आली तेव्हा माझा चहा नुकता झाला होता.
रजिस्टरला चढवली: आर्टिकल नऊ,
एक काळी छत्री, लांब दांड्याची, जुनी वापरती.
सोबत चप्पल एक, उजव्या पायाची.
मनगटी घड्याळ, काच फुटलेलं, चालू.
मयत बिरू मायाप्पा कोकरे, वय तेवीस,
राहणार चाळकेवाडीच्या पठाराखालची वस्ती,
काम: हिरोच्या डोक्यावर छत्री धरणे.

आरोपीचं नाव मी इथं लिहीत नाही.
ते पोवई नाक्यावर फ्लेक्सवर आहे,
रिक्षांच्या पाठीवर आहे,
आणि रात्री आठला आमच्या घरात खाकी घालून यायचं,
गरिबाची फिर्याद नोंदवून घ्यायचं.
सासूबाई म्हणायच्या, फौजदार असावा तर असा.
खरं सांगते, पहिल्या तारखेला मीही
ठेवणीतली साडी नेसून गेले.
जिन्यातल्या गर्दीत फक्त त्याचा खांदा दिसला.
घरी जाऊन तेवढाच सांगितला, दोनदा.

पठारावर वारा असतो,
एवढं सगळे साक्षीदार एकमुखानं बोलले.
बाकीचं कुणाला आठवेना.
मेकअपवाला फितूर, ड्रायव्हर फितूर,
जनरेटरवाल्या पोरानं आधी भांडण ऐकलं होतं,
मग म्हणाला, पवनचक्कीचा आवाज असेल.
बचावाचे वकील पुण्याहून यायचे, हळू बोलायचे.
छत्रीत वारा भरला, म्हणाले,
आणि पोरगं कड्यावरून गेलं.
आता वाऱ्यावर समन्स कोण बजावणार?
आमचे बेलिफसुद्धा हसले.

मला मात्र छत्री माहीत होती.
ती बांधलेली आली होती.
पट्टी गुंडाळून, बटण लावून,
वर्गात शिरताना शाळेतली बाई बांधते तशी.
वाऱ्यानं नेलेली छत्री
आपलं बटण आपण लावत नाही.
पंचनाम्यात उघडी की मिटलेली, एक शब्द नाही.
कोर्टात कुणी विचारलं नाही,
मला तर विचारायचं कारणच नव्हतं,
मी साक्षीदार नाही, कपाटाची किल्ली.
एकदा हवालदाराला धरलं जिन्याखाली.
चुना मळत म्हणाला,
बाई, आम्ही सामान नीट बांधूनच आणतो.
मीच बांधली असेल. नसेल पण. दोन वर्षं झाली.

तेव्हापासून मला रात्री दोन्ही खरं वाटतं.

निकाल लागला: संशयाचा फायदा.
बाहेर गुलाल, फटाके. आत माझ्या टेबलावर
कंदी पेढ्यांचा बॉक्स, कुणी ठेवला कळलं नाही.
मी खाल्ला नाही. फेकलाही नाही.
सोमवारी मुंग्या रजिस्टरवर चढलेल्या,
बिरूच्या नावावरून सरळ पलीकडे.

आरोपीचा दीड लाखाचा मोबाइल कधीच गेला होता,
सुपुर्दनाम्यावर, दहा दिवसांत.
मायाप्पा घड्याळासाठी सात वेळा आला.
अपिलाची मुदत जाऊ द्या, मी म्हणायचे.
जाऊ दे की, म्हणायचा, आणि बाकावर बसायचा,
मुदत समोरच्या रस्त्यानंच जाणार असल्यासारखा.
शेवटी दिलं, अंगठा घेऊन.
बंद पडलं होतं. तरी त्यानं कानाला लावलं.
मग विचारलं, बाई, छत्री उघडती का?
म्हटलं, सील फोडता येत नाही.

आदेशाची शेवटची ओळ:
निरुपयोगी मुद्देमाल नष्ट करावा.
परवा केला. कोर्टाच्या मागं, दोन पंच बोलावून,
एक झेरॉक्सवाला, एक रसवंतीचा.
चपलेला जळायला वेळ लागला, वास राहिला.
मग लाख फोडली, पट्टी सोडली, खटका दाबला.
एका झटक्यात उघडली.
आठ काड्या. आठही सरळ.
चांगली आहे की, रसवंतीवाला म्हणाला.

बाराचं ऊन होतं. शिपाई दगडूनं
काही न बोलता ती उचलली
आणि माझ्या डोक्यावर धरली.
मी लिहीत होते. लगेच नको म्हटलं नाही.
ओळ पुरी होईपर्यंत सावलीत उभी राहिले:
आर्टिकल नऊ, पंचांसमक्ष नष्ट केले.