रकाना सतरावा

माघी पुनवेनंतरची पहाट, सुकती लागलेली.
दिवाळ्याच्या जेटीवर मी उभी, पायात उसने गमबूट,
काखेत फॉर्म. अकरा पानं, चाळीस रकाने.
पोशीबाय नाखवा म्हणाली, ते बूट काढ.
चिखल बूट ठेवून घेतो, पाय परत देतो.

ते टोक नकाशात करंगळीएवढं:
तीन बाजूंनी खाडी, चौथीला फुटलेलं मिठागर,
त्याच्या उघाडीत अडकलेलं कुणाचं तरी प्लास्टिकचं घोडं.
पाठीमागे पामबीचचे मनोरे,
रात्रीचे दिवे विझवायचे राहून गेलेले.
रस्ता नाही. वीज नाही. रकाना तीन, रकाना चार.
पोचायला गुडघाभर गाळातून पाऊण तास
आणि एक बाई, जिला गाळ ओळखतो.

वनस्पती: तिवर, चिपी, मारंडी. लिहिलं.
पान चाटून बघ तिवराचं, ती म्हणाली.
चाटलं. खारट.
माझी आय आगरात मीठ ओढायची,
तिच्या मानेचीबी हीच चव.
ह्याला रकाना नव्हता.

निवट्या आमच्यापुढे उड्या मारत होत्या,
मासा असल्याचं विसरून.
कोल्हा दिसला नाही, त्याची पावलं दिसली,
चिंबोरीच्या बिळापाशी जाऊन घोटाळलेली.
'पुरावा अप्रत्यक्ष,' मी लिहिलं.
त्यानं तुला कवाच लिवून घेतलंय, पोशीबाय म्हणाली,
आणि मागे न बघता चालत राहिली.

रोहित मोजायला घेतले.
चारशे आठ, चारशे नऊ, चारशे दहा...
एक उडाला आणि सगळा आकडा उठला.
'सुमारे' हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरते.

मग तिनं जागा दाखवायला सुरुवात केली,
नकाशावर जिथे नुसतं पांढरं होतं तिथे.
जोमाची आडी. जोमाचं होडकं फुटलं
आणि जोमा वल्ह्यावर बसून हसत घरी आला.
भांडणाचा दगड. उपाशी खाच.
सासूवाट, कारण ती थोडाच वेळ उघडते
आणि उशीर झाला तर ऐकून घेत नाही.
वेताळापुढे तिनं पाच कालवं ठेवली, मोठी बघून.
मी नावं लिहीत गेले समासात, आडवी, उभी,
कागद संपेपर्यंत.

रकाना सतरावा, मनुष्यवस्ती.
'नाही.'
काय लिवलंस?
वाचून दाखवलं.
तिनं कोयती खाली ठेवली.
एका जुन्या चिपीखाली गेली, वाकून.
तिथे शिंपल्यांची एक ओळ होती,
भरतीनं इतकी सरळ मांडली नसती.

माझे दोन हायत हितं.
एक सात दिवसांचा. एक बिननावाची.
तवा लहानग्यांना हितंच आनायचे,
रातच्याला, पानी भरलं की, होडीतून.
गडी वल्हवायचा. बाईनं बोलायचं नाय.
कोल्ह्यानं कंदी उकरलं नाय, ह्ये पन लिव.

आणि परत कालवं काढायला बसली.
टक्. टक्. लोखंड, मग कवच, मग पाणी.
मी पेन धरून उभी. खोडावं की नाही.
शाई ओल्या कागदात आपोआप पसरत होती,
'नाही'ची कड फुटत होती.

पानी फिरलं, ती म्हणाली. मला काहीच दिसलं नव्हतं.
मग दिसलं: आमच्या पहिल्या पावलांत चकाकी,
मग कोल्ह्याच्या.
सासूवाट मिटायच्या आत निघालो.

संध्याकाळी साहेबांचा फोन.
सतराव्यात खाडाखोड आहे, बाई. वस्ती आहे की नाही?
एकच काय ते सांगा, बेरीज अडलीय.

नेरुळच्या चौथ्या मजल्यावर
मी बादलीत पाय सोडून बसले होते.
पाणी करडं होत चाललेलं,
अंगठ्याच्या नखात कालवाची एक कपची, निघत नव्हती.

थांबा, म्हटलं,
अजून भरती आहे.