दोन फेऱ्यांत एकदा

एवारिस्तोला आणलं,
त्यानंतर अकरा दिवसांनी त्याची फटफटी आणली.
लोकरवाल्या ओयारसूनचा ट्रेलर मागून घेतला,
फळ्यांच्या फटींत मेंढ्यांच्या लेंड्या तशाच.
एस्केलहून रिओ मायो, जुन्या रस्त्याने,
खडी संपते तिथे खड्डे,
आणि पश्चिमेचा वारा कुठेच संपत नाही.

पट्टे मीच आवळले होते.
पुढचे शॉक पार खाली बसेपर्यंत,
दवाखान्यातल्यांनी त्याला खुर्चीत आवळला होता तसे.
गिअरमध्येच राहून गेली, तेही माझंच.

उतरवली. तिसऱ्या किकला लागली.
आणि आत कुणीतरी
चमच्याने पेला वाजवू लागलं.

हा आवाज नव्हता, मी म्हणाले.
पण मला काय ठाऊक?
तीस वर्षं ही फटफटी मी
येताना ऐकली आणि जाताना ऐकली.
उभी असताना तिच्यापाशी थांबलेच नव्हते.

अंगणात लोक जमले.
कुणी म्हणालं पेट्रोल, कुणी म्हणालं चेन.
पाववाली एर्मेलिंदा म्हणाली,
एवढ्या रस्त्याने घाबरली असेल, राहू द्या रात्रभर.
सेफेरिनो नावेलपान आला तो काही न बोलता.
हातभर लांब स्क्रूड्रायव्हर,
टोक इंजिनला, मूठ कानाच्या हाडाला,
डोळे मिटलेले.
इथे लावला, तिथे लावला,
खाली लावला तेव्हा कपाळाला आठी पडली.
क्रँकचं बेअरिंग असेल तर, नेलिदा,
एवढं म्हणून त्याने हात पुसले.
आमच्या गावात सेफेरिनोने मध्येच हात पुसले
की लोक मेंढी विकायची तयारी करतात.

फटफटी चालूच होती.
खिडकी उघडी होती.
खिडकीत एवारिस्तो,
उजवी बाजू गेलेली, जीभ गेलेली,
डाव्या हाताचं एक बोट
खुर्चीच्या लाकडावर
वाजत होतं.

मला वाटलं, पुन्हा सुरू झालं. फेफरं.
मी धावले.
सेफेरिनो म्हणाला, थांब.
तो बोटाकडे बघत होता,
मग इंजिनकडे, मग परत बोटाकडे,
ओठांत काहीतरी मोजत.

बघ, तो म्हणाला,
क्रँक दोनदा फिरतो
तेव्हा हा एकदा वाजवतो.
खालचं काही नाही. वरचं आहे.
खडीने टॅपेटचा नट सैल केलाय, बस.
एवढं म्हणताना तो माझ्याशी बोलतच नव्हता,
खिडकीतल्या उस्तादाला
धडा म्हणून दाखवत होता.

इंजिन निवेपर्यंत माते प्यायलो,
एकच भोपळा, एकच नळी, हातोहात.
एवारिस्तोची पाळी आली तेव्हा
कुणी त्याला गाळलं नाही.
हनुवटीवरून ओघळलं ते
सेफेरिनोने आपल्या त्याच काळ्या फडक्याने पुसलं.
मी रागावले. मग नाही रागावले.

मग झाकण काढलं,
केसाएवढी पातळ पोलादी पात फटीत घातली,
नट पाव फेरी, अजून जराशी.
पहिल्या किकला लागली.
पेला वाजायचा थांबला.
पैसे घेतले नाहीत. म्हणाला,
निदान माझं नव्हतं.

रात्री वाऱ्याने पत्रे हलत होते.
मी भांडी घासत होते
आणि मागून
टक.
टक.
टक.

फटफटी गोठ्यात, बंद.
मी विसरून राहिलेला स्क्रूड्रायव्हर उचलला.
स्टोव्हला लावला. नळाला लावला.
दाराच्या बिजागरीला.
मग त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले,
टोक खुर्चीच्या लाकडाला,
मूठ माझ्या कानाच्या हाडाला,
आणि डोळे मिटले.

बोट थांबलं.

बराच वेळ नुसतं लाकूड ऐकू आलं,
आणि लांब, लाकडाच्याही पलीकडे, वारा.
मग, अगदी कानात,
दोनदा.
डोळे उघडले तर
डाव्या बाजूने तो हसत होता,
लहानपणी माझ्या वेणीला तेलाचा हात लावून
पळायचा, तसा.