या म्हणायचं नाही

सिद्रामआज्यानं पाटी लावली नाही.
गावभागात सगळ्यांना ठाऊक, बांबू कुठं मिळतात.

दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, कडबा, सुतळी.
मडकं वाजवून द्यायचं;
फुटणारच आहे, पण तडा आमच्याकडून नको.

गिऱ्हाइकाला 'या' म्हणायचं नाही.
उधारी मागायला तेराव्याआधी जायचं नाही.
नंतर तरी आजा कुठं गेला!

वडलांनी शटर बसवलं, कुलूप नाही.
रात्री दोनला बाहेर कुणी खाकरलं
की आई आधी पाण्याचा तांब्या न्यायची,
मग दिवा लावायची.

पुराच्या साली कृष्णा दारात आली
आणि सगळे बांबू एका दिवसात संपले,
तराफ्यांना.
मांडीवर शेळी घेऊन बसलेली आंबाक्का ओरडली,
'श्रीपती, लवकर उचललंस की रं मला!'
त्याचे पैसे वहीत नाहीत.

गेल्या माघात आंबाक्का गेली.
तिच्या नातवाला मडकं मी वाजवून दिलं.
त्यानं नोटा मोजल्या,
बांबू खांद्यावर घेतले
आणि सवयीनं म्हणाला, 'येतो, ताई.'

जिभेवर आलेलं
गिळलं.
सुतळीचं टोक सापडेना बराच वेळ.