लाल क्लिप

नाना पेठेत, स्पेअरपार्टच्या गल्लीत,
हुसेन तांबोळी बॉनेट उघडतो
आणि आधी वास घेतो.
मीटर नंतर.
"जळलंय," म्हणतो, "किती ते बघू."

अप्पा शेजारी उभे, इस्त्रीच्या शर्टात,
टोइंगची पावती
चार घड्या घालून मुठीत.

काल पहाटे बिबवेवाडीच्या बेसमेंटमध्ये
ओसवालांच्या गाडीवरून करंट घ्यायचा होता.
मला लांब उभं केलं.
"हात लावू नकोस, तुला नाही कळायचं."
क्लिपा त्यांनीच लावल्या,
सावकाश, चष्मा पुसून, दोनदा वाकून बघून.
मग एक ठिणगी, पांढरी, बोटभर,
आणि रबर वितळल्याचा वास
थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत.
प्लसला मायनस.
ओसवाल काही बोलले नाहीत.
फक्त आपली गाडी बंद करून
पुन्हा चालू करून बघितली.
दोनदा.

तांबोळी मेन फ्यूज उपटून उजेडात धरतो.
ऐंशी अँपिअर. मधली पट्टीच नाही,
खिडकीला आतून काजळी.
"हा गेला म्हणून बाकीचे राहिले असतील.
घरात असतो की असा एखादा."

मग अल्टरनेटर.
मीटरच्या सुया टेकवतो : पी.
उलट्या टेकवतो : पी.
"एकाच बाजूनं वाजायला पाहिजे, ताई.
डायोड म्हणजे लक्ष्मी रोड. वन वे.
आता दोन्हीकडून गाड्या घुसतायत."

कॉम्प्युटर? त्याला वेळ लागतो.
तो एकेका पिनेला सुई लावत जातो
आणि आम्ही दोघं त्याच्या तोंडाकडे बघत राहतो,
दवाखान्यात बघतात तसं.
"वाचलाय."
अप्पांनी तेव्हा श्वास सोडला. मी ऐकला.

बल्ब सगळे ठीक.
बल्बला उलटसुलट काही नसतं,
कसंही जोडा, लागतो बिचारा.

"काका, तेवढी लाल क्लिप द्या इकडे."

बाकड्यावर दोन्ही क्लिपा पडलेल्या.
अप्पांनी काळी उचलून दिली.
जराही न अडखळता,
सुटे पैसे मोजून द्यावेत तशी.

तांबोळीनं ती घेतली.
माझ्याकडे एकदा बघितलं, अप्पांकडे नाही.
"हां," म्हणाला, आणि दुसरी स्वतःच उचलली.

बिलाच्या आकड्याकडे माझं लक्षच नव्हतं.
मला आठवत होती ती साडी,
संक्रांतीला आईसाठी आणलेली :
"काळी आणलीय बघ, तुला हवी होती तशीच."
घडी उलगडली तर गडद कुंकवासारखी लाल.
आई हसली, म्हणाली, थट्टा करतात,
आणि तीच नेसून हळदीकुंकू केलं.
अप्पाही हसले होते.
सगळे हसतात म्हणून.

आणि ऑफिसातलं ते ठरलेलं भांडण,
एकतीस वर्षं :
खात्यात लाल शाईनं लिहू नका,
वेगळी कळत नाही.
सगळे म्हणायचे, प्रधान म्हणजे हेकट माणूस.

संध्याकाळी गाडी मिळाली.
केबलचं भेंडोळं डिकीत टाकताना तांबोळीनं
लाल क्लिपेच्या मुठीला सुतळी गुंडाळली,
घट्ट, तीन वेढे, वर गाठ.
"काका, ही गाठवाली प्लसला.
बेसमेंटमध्ये अंधार असतो,
कुणाचंही चुकतं."
अप्पांनी गाठीवरून अंगठा फिरवला.
"खरंय," म्हणाले. "अंधार फार होता."

ट्यूबलाइट होती तिथे. दोन.
मी काही बोलले नाही.

स्वारगेटच्या सिग्नलला
नेहमीसारखं त्यांनीच आधी सांगितलं :
"वरचा लागलाय. थांब."
वरचा. इतकी वर्षं वरचा, खालचा.
मी ब्रेक दाबला.