गाडीखालून

गाडीखाली असलो की
मालक मला पायांवरून कळतात.
टाच झिजलेली कोल्हापुरी, वराडकर मास्तर.
खवले चिकटलेली रबरी चप्पल, पास्कू फर्नांडिस.
आणि मे महिन्यातही पॉलिश केलेले काळे बूट,
ते बँकेतले नेवगी, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी.

जामसंड्यात माझं ग्यारेज.
इथून देवगडची खाडी दिसत नाही,
पण ती कुठे आहे ते पत्र्याला बरोबर ठाऊक असतं.

वर त्यांचं चाललेलं असतं, नेहमीचंच.
मास्तर म्हणतात, मारुती म्हणजे पहिल्या घडणीची, चौकोनी तोंडाची.
सकाळी चोक ओढायचा, देवाचं नाव घ्यायचं,
म्हातारीला चहा दिल्यासारखं जरा थांबायचं,
मग दिवसभर तक्रार नाही.
आणि पत्रा! तो पत्रा परत झाला नाही.

नेवगी म्हणतात, पत्रा राहू द्या,
फोंडा घाटात बोनेट उघडून तुम्ही किती बाटल्या पाणी ओतलंत?
माझी शेवटच्या सालातली, पाच गेरांची,
निपाणीपर्यंत एकदा थांबली नाही.

"पाच गेरांका काय करूचा?" पास्कू म्हणतो,
"आमच्या रस्त्याक तीनच लागतत."
त्याची मधली, गोल कडांची.
डिकीत पापलेटाच्या टोपल्या वाहून वाहून
तिला आता कुत्री ओळखतात.
"माझो झील ह्याच शीटीर जल्माक इलो,
नांदगावच्या फाट्याक, दवाखानो गावाच्या आधी.
तुमच्या कुठल्या मॉडेलात झाला असा?"
यावर वर कोणी बोलत नाही.

मी बोल्ट सोडवत असतो.
तिन्ही गाड्या मी खालून पाहिल्यात.
खालून मॉडेल कळत नाही,
तेच पापुद्रे, तोच तांबडा चुरा डोळ्यांत.

आज पांढरे बूट आले, नाडीवाले, चाकरमानी.
खोबरेकर कंपाउंडरांची हर्षला.
वडिलांची गाडी सात वर्षं फणसाखाली होती,
तीच मी जॅकवर घेतलेली.
भंगारात किती येतील, एवढंच विचारायला आलेली ती
एकदम उकिडवी बसली आणि खाली वाकून बघू लागली.
तीस वर्षांत असं कुठल्या मालकाने केलेलं नाही.

"काका, इथे भोक होतं ना?"
डावीकडे, मागच्या सीटच्या पायाशी.
रबरी मॅट उचलून ती रस्ता बघायची,
कुणकेश्वरला तांबडा, पुढे काळा,
चिंचोके सोडायची एकेक, कुठे उगवतील म्हणून.
"आणि तुम्ही ते बुजवलंत."
बुजवलं होतं खरं.
तेलाच्या डब्याचा तुकडा, चौदा रुपये,
कंपाउंडरांनी बारा दिले.
"त्या दिवसापासून मला गाडी लागायला लागली.
दर वळणावर ओकायचे. आईला वाटायचं पित्त."

यावर मी काय म्हणणार?
गोणपाटावर थोडा सरकलो,
तर ती शेजारी येऊन आडवी झाली, चांगल्या कपड्यांनिशी.
माझं ठिगळ तसंच होतं, गुळगुळीत,
भोवतीचा पत्राच उरला नव्हता.
तिने बोट लावलं.
ते निघून माझ्या छातीवर पडलं,
पिकलं पान पडावं तितक्या आवाजात.

भोकातून सीटची कड दिसली,
टपाचं लोंबतं कापड,
खिडकीतला फणस, दोन लहान, एक किडका.
"उलटं आहे," ती म्हणाली, आणि बराच वेळ बघत राहिली.

मग भोकात मास्तरांचा चष्मा आला.
दार उघडून आत वाकले होते ते.
आम्ही दोघं खालून, ते वरून.
"बघतेस ना, पोरी," मास्तर म्हणाले,
"पत्रा बघ. पत्रा."